शेवटचं मूल जाईपर्यंत

दुपारचं जेवण झालं, की आई म्हणते, "शाळा सुटायची वेळ झाली."

मी म्हणते, "झाली तर झाली."

मग ती उठते. एक हात टेबलावर, एक माझ्या खांद्यावर, आणि खांद्यावरचा हात चांगला जड असतो बरं का. चपला सापडत नाहीत म्हणून माझ्यावर ओरडते. चपला तिच्याच पायात असतात.

आमच्या घराला कमरेएवढं लोखंडी फाटक आहे, कडी जरा वाकलेली. तिथे जाऊन ती उभी राहते. गल्लीच्या टोकाला शाळा आहे, ती सुटली की मुलं घोळक्याने आमच्या घरावरून जातात. आई प्रत्येकाच्या डोक्याला हात लावते, डोकं हाती लागलं नाही तर दप्तराला. शेवटचं मूल वळणावरून दिसेनासं झालं की कडी लावते, एकदा हलवून बघते आणि मगच आत येते. हे रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सुट्टीच्या दिवशी मुलंच नसतात, त्यामुळे शेवटचं मूल जाता जात नाही, आणि मी तिच्यामागे खुर्ची धरून उन्हात उभी.

ती नव्वदीच्या पुढची, मी साठीच्या पुढची. घरात माणसं दोन, म्हाताऱ्या दोन आणि कामाला मी एकटी. लोक म्हणतात, "नशीबवान आहात, या वयात आई आहे." मी मान डोलावते. म्हणणाऱ्याने आठ दिवस येऊन राहावं. चादरी धुवाव्यात, गोळ्या दुधात विरघळवून पाजाव्यात, रात्री तिने दाराची कडी वाजवली की धडपडत उठावं, आणि सकाळी "तुम्ही कोण?" असं ऐकून घ्यावं. मग बोलू नशिबाबद्दल.

पण हे फाटकाचं वेड म्हातारपणाचं नाही. ते फार जुनं आहे, शाळेच्याही आधीचं.

आई शेतावर वाढली. भावंडांत थोरली. आजोबांची थोडी जमीन होती, बटाटे आणि मटार, आणि गाई. थोरल्या मुलीचं काम ठरलेलं. संध्याकाळी कुरणातून गाई आत घ्यायच्या, फाटकाशी उभं राहायचं आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक जनावराच्या पाठीला हात लावायचा. नुसतं मोजलेलं आजोबांना चालायचं नाही. हात लावला की कळतं, म्हणायचे, कोण लंगडतंय, कोणाचं अंग तापलंय आणि कोण आलंच नाही.

एका संध्याकाळी आईला दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेची घाई होती. तिने पाठीला हात न लावता नुसती नजर फिरवली आणि फाटक लावून टाकलं. सकाळी एक वासरू ओढ्याकाठच्या खड्ड्यात सापडलं. जिवंत होतं, पण उभं राहीना. आजोबांनी आईला परीक्षेला जाऊ दिलं नाही, त्या वासरापाशी बसवलं, ते जाईपर्यंत. आईने मला ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की वासराचा रंगही मला तोंडपाठ आहे. तांबूस होतं, कपाळावर पांढरा ठिपका. आता ती माझं नाव विसरते, पण तो ठिपका विसरत नाही.

शिकायची मात्र तिने जिद्द सोडली नाही. पहाटे गोठा उरकून लांबच्या शाळेत चालत जायची, त्यामुळे अंगाला शेणाचा वास. बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही. "बरंच होतं की," आई सांगायची, "ऐसपैस बसायला मिळायचं." शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला जायचं ठरलं तेव्हा आजी म्हणाली, "एवढी शिकून काय गाईंना व्याकरण शिकवणार आहेस?" आई गेलीच. मागच्या भावंडांनाही एकेक करून तिनेच ओढून नेलं. आजीने पुढे जन्मभर सगळ्या गावाला सांगितलं, की मीच पोरीला शिकायला पाठवलं.

नोकरी लागली ती गावाबाहेरच्या दोन खोल्यांच्या शाळेत. वर पत्रे, समोर ट्रकचा रस्ता, रस्त्यापलीकडे फळं डब्यांत भरायचा कारखाना. बहुतेक मुलांचे आईवडील त्याच कारखान्यात. शाळा सुटायची दुपारी, पाळी सुटायची संध्याकाळी, आणि मधल्या वेळात पोरं ट्रकच्या चाकांपाशी गोट्या खेळायची. आईने पहिल्याच आठवड्यात हे बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या आठवड्यापासून ती शाळा सुटल्यावर फाटकात उभी राहू लागली. ज्याला न्यायला माणूस आलं त्याच्या डोक्याला हात लावून सोडायचं. ज्याला कुणी आलं नाही त्याने आत थांबायचं, आणि बाईंनीही थांबायचं. असं करा म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. नको म्हणून मात्र पुष्कळांनी सांगितलं. बरोबरचे मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही लोकांना आम्हाला नावं ठेवायला जागा करून देताय." आईने त्यांना छत्री आणून दिली आणि म्हणाली, "तुम्ही निघा, भिजाल."

पोरांनी तिचं नाव ठेवलं फाटकबाई. नवीन आलेल्यांना ते आडनावच वाटायचं. आईने कधी दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी थांबलेल्या मुलांबरोबर मग आयाही थांबायला लागल्या. हाताला फळांच्या पाकाचा चिकटा, डोक्याला फडकं, आणि पोराच्या मागच्या बाकावर बसून अक्षरं गिरवायच्या. त्यातल्या कितीजणी पुढे पाळीच्या मुकादम झाल्या, एक तर नर्स झाली. ट्रक हळू जावेत म्हणून त्या रस्त्याला उंचवटा घालायला लावला तो आईने, शाळेला नळ आणला तो आईने, कारखाना बंद पडला त्या वर्षी घरोघरी जाऊन "मुलांना कामाला लावू नका, शाळेत पाठवा" म्हणून पायऱ्या झिजवल्या त्याही आईनेच. मला अभिमान आहे. कोरडा नाही, खरा आहे. फक्त अभिमान वाटायला मला चाळिशी ओलांडावी लागली. त्याआधी मला भूक लागलेली असायची.

कारण मीही तिथेच असायचे ना. दादा माझ्याहून मोठा, तो दुसऱ्या शाळेत, घरी बाबांबरोबर. बाबा पंप दुरुस्त करायचे, वेळेवर घरी यायचे आणि बटाटे उकडायला टाकायचे. मी मात्र आईच्या शाळेत, त्यामुळे आईबरोबर शेवटपर्यंत. बाहेर अंधारून यायचं, पोटात कावळे ओरडायचे, आणि आई परक्याचं पोर टेबलापाशी घेऊन बसलेली.

त्या शेवटच्या मुलासाठी तिची एक पद्धत होती. सगळे गेले, आपल्यालाच कुणी आलं नाही, असं झालं की मूल रडकुंडीला येतं. आई त्याला आपल्या टेबलाजवळ बसवायची, समोर पेन्सिलींचा डबा ठेवायची आणि म्हणायची, "बरं झालं तू आहेस. हे काम अडलंय बघ." मग ते मूल जीव लावून पेन्सिलींना टोक काढत बसायचं आणि रडायचं विसरायचं. काम अडलं बिडलं काही नव्हतं. चांगल्या टोकदार पेन्सिली असायच्या. आई त्यांची टोकं पदराआड आधी स्वतःच मोडून ठेवायची. मी बघितलंय. मला ती पेन्सिल कधी दिली नाही. मी शेवटचं मूल नव्हते, मी घरचीच होते.

आणि एक नियम. ओळखीच्या माणसाच्याच हातात मूल द्यायचं. एकदा कारखान्याच्या मॅनेजरची मुलगी तिच्या वर्गात होती. तिला न्यायला एके दिवशी गाडी आली, गाडीत नवीन ड्रायव्हर. "साहेबांनी पाठवलंय," तो म्हणाला. आई म्हणाली, "मी तुम्हाला ओळखत नाही." ड्रायव्हरने नाव सांगितलं, गाव सांगितलं, कारखान्याचं कार्ड दाखवलं. आई म्हणाली, "असेल. पण मी ओळखत नाही. साहेबांना स्वतः यायला सांगा." मुलगी म्हणतेय, बाई, हे आमचेच ड्रायव्हरकाका आहेत, तरी आईने तिचं मनगट सोडलं नाही. शेवटी मॅनेजर आला, पाहुण्यांच्या पंगतीतून उठून, अंगाचा तिळपापड झालेला. फाटकातच त्याने आईला नाही नाही ते सुनावलं. आईने ऐकून घेतलं, मुलीच्या डोक्याला हात लावला आणि सोडली. त्या भानगडीत तिचं मुख्याध्यापकपद पुढे कितीतरी वर्षं लांबलं. बाबा म्हणाले, "अगं, एवढं कार्ड दाखवलं ना त्याने." आई म्हणाली, "कार्डाला काय विचारू?"

आता माझी गोष्ट सांगते. ती मी कुणाला फारशी सांगत नाही.

मी पहिलीत होते. बाहेर वारा सुटला होता, मागच्या खोलीत नकाशांच्या गुंडाळ्या ठेवल्या होत्या, त्यांच्या आडोशाला मी झोपून गेले. आईने त्या दिवशीही प्रत्येकाच्या डोक्याला हात लावला, शेवटचं पोर त्याच्या आजीच्या हातात दिलं, खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं, फाटकाची कडी हलवून बघितली आणि घरी गेली. मला आतच ठेवून. घरी बाबांनी विचारलं, "छोटी कुठाय?"

धावत आली म्हणे, चपला हातात घेऊन. मी जागी झाले होते, दार बडवून बडवून गप्प झाले होते. कुलूप उघडलं तेव्हा मला जवळ घ्यायच्या आधी तिने विचारलं, "अगं, आवाज का नाही दिलास?"

मी म्हटलं, "तू मला हात लावला नाहीस."

तिने कपाळाला हात लावला. स्वतःच्या. "तुला काय हात लावायचा? तू माझीच आहेस ना."

ती काही चुकीचं बोलली नाही. गाईंना हात लावायचा, मुलांना लावायचा, ती कुणाची तरी असतात म्हणून. घरच्याला कोण फाटकात मोजतं? दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रांगेत शिरून तिच्यासमोर गेले. तिचा हात माझ्यापुढच्याच्या डोक्यावर पडला, मग माझ्यामागच्याच्या. मला म्हणाली, "तू कुठे निघालीस? आत बस." मी आत बसले. तशीच बसलेय म्हणायला हरकत नाही.

पुढे सगळं व्हायचं ते झालं. शाळेला मजला चढला, आई मुख्याध्यापक झाली, निवृत्त झाली, निवृत्त झाल्यावरही बरीच वर्षं जात राहिली आणि नवीन मुख्याध्यापकांच्या नाकी नऊ आणले. दादा मोठ्या शहरात गेला, मोठा झाला. मी औषधांच्या दुकानात नोकरी केली, लग्न केलं, नवरा गेला, आणि मी आईबाबांकडे परत आले. मग बाबा गेले. बाबांचे दिवस उरकून शहरात परत जाताना दादाने मला फाटकात सांगितलं, "आईची काळजी वाटते गं. पण तू आहेस ना." हे "तू आहेस ना" ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. ज्याला जायचं असतं तो हे वाक्य म्हणतो.

आई हळूहळू विसरायला लागली. आधी भांडी, मग माणसं. दादाला ती फोनवर अजून आवाजाने ओळखते, मला रोज बघते म्हणून ओळखत नाही. कधी मी तिची धाकटी बहीण असते, कधी कामवाली, कधी नर्स. मुलगी क्वचितच. सुरुवातीला मी सांगायचे, "आई, मी आहे, मी." हल्ली जी म्हणेल ती होते. वाद घालायलाही जोर लागतो.

आणि मागच्या महिन्यात ते झालं. शाळा सुटली, मुलं गेली, एक लहानशी मुलगी मागे राहिली. चपलेचा बंद तुटला होता म्हणून आमच्या फाटकापाशी बसली होती. आईने तिला आत घेतलं, पायरीवर बसवलं. मी स्वयंपाकघरात होते. मुलीची आई शोधत आली, नवीन राहायला आलेली बाई, आधीच घाबरलेली. आईने मुलीचं मनगट धरलं आणि म्हणाली, "मी तुम्हाला ओळखत नाही." मुलगी रडायला लागली. बाई ओरडायला लागली. मी पिठाच्या हातांनी धावत आले तेव्हा निम्मी गल्ली जमली होती, आणि कुणीतरी म्हणत होतं, "ही म्हातारी पोरं धरते." माझ्या आईला! जिने या गावातली दोन पिढ्यांची पोरं ट्रकखाली जाण्यापासून वाचवली तिला! मी आईची बोटं एकेक करून सोडवली. लहान मुलीच्या मनगटावर लाल वळ उठला होता. मी त्या बाईची माफी मागितली, हात जोडून. ती म्हणाली, "यांना कोंडून ठेवा नाहीतर कुठेतरी ठेवा." तिचंही काय चुकलं? तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

दादाला कळवलं. दोन दिवसांत त्याचा फोन. "एक चांगली संस्था आहे. झाडंबिडं आहेत, डॉक्टर असतो. जागा रिकामी झालीये, पण लगेच सांगावं लागेल." वहिनीने फोन घेतला. "तुमचे हाल बघवत नाहीत हो." बघायला त्या कधी आल्या होत्या, ते मी विचारलं नाही. म्हटलं, "चालेल."

खोटं कशाला सांगू? फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. अंगातलं कुणीतरी खाली बसलं असं वाटलं. मला काही नको होतं, तीर्थ नको, सहल नको. एक अख्खी रात्र झोपायचं होतं, कडी वाजायची वाट न बघता. मी आईची बॅग भरली, हिरवट रंगाची, जुनी. लोकरीचा स्वेटर, चष्मा, गोळ्या, बाबांचा फोटो. फोटो काढून ठेवला, परत टाकला. जीव मेटाकुटीला आला होता आणि तरी मी तिचे पायमोजे जोड्या लावून ठेवत होते.

दादा स्वतः येणार होता. ते ठरलेलं होतं, मी अट घातली होती. "ती तुला ओळखते. तुझ्याबरोबर येईल." जायच्या दिवशी दुपारी फोन. "अगं, इथे एकाएकी अडकलोय. संस्थेचीच गाडी पाठवतोय. माणूस चांगला आहे."

"दादा, ती ओळखत नाही त्याला."

"तू आहेस ना."

मी फोन ठेवला. भांडायलाही उरलं नव्हतं माझ्यात काही. आईला चांगले कपडे घातले, केस विंचरले. तिने विचारलं नाही कुठे जायचं. म्हणाली, "शाळा सुटायची वेळ झाली."

"हो," मी म्हटलं, "चला."

फाटकात उभ्या राहिलो, ती पुढे, बॅग हातात धरून मी मागे. मुलं आली. हल्ली काही आया मुलांना रस्त्याच्या पलीकडून नेतात, आमच्याकडे न बघता. आईला ते कळलं नाही, की कळलं, कोण जाणे. जी अलीकडून गेली त्यांच्या डोक्यांवरून तिचा हात फिरला. मग गल्ली रिकामी झाली. वळणावर शेवटचं दप्तर दिसलं आणि नाहीसं झालं. तिने कडीला हात घातला, सवयीने एकदा मागे वळून बघितलं, आणि मी दिसले. हातात बॅग धरून भिंतीला टेकलेली.

ती कडी सोडून माझ्याजवळ आली. वाकून माझा चेहरा बघितला. मी रडत नव्हते, नुसती दमले होते.

"तुला न्यायला कुणी आलं नाही अजून?"

खरं तेच तोंडातून गेलं. "नाही."

"येतील," ती म्हणाली. "पाळी लांबली असेल. रडायचं नाही. मी आहे ना."

मी पायरीवर बसले. ती माझ्या शेजारी उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून, जशी शाळेत राहायची. पाठसुद्धा ताठ झाली होती तिची. तेवढ्यात गाडी आली.

पांढऱ्या कपड्यातला एक माणूस उतरला. खरंच चांगला होता, दादा खोटं बोलला नव्हता. हसून म्हणाला, "चला आजी, निघायचं ना?" आणि बॅग घ्यायला माझ्याकडे हात केला.

आई मध्ये आली. "तुम्ही कोण?"

"मी संस्थेतून आलोय, आजी."

"कुणी पाठवलं?"

"साहेबांनी पाठवलंय."

मला पुढचं सगळं ऐकू आलं, ती बोलायच्या आधीच. तिने माझं मनगट धरलं. नव्वदीतल्या बाईच्या हातात एवढा जोर कुठून येतो? तिची बोटं थंड होती आणि घट्ट होती, आणि मला आठवेना, याआधी तिने मला असं कधी धरलं होतं.

"साहेबांना स्वतः यायला सांगा," आई म्हणाली. "मी तुम्हाला ओळखत नाही. परक्या माणसाच्या हातात मी मूल देत नाही."

तो माणूस गोंधळला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. हळूच म्हणाला, "ताई, काय करायचं? असं होतं कधीकधी. दोघं मिळून धरलं तर बसतात गाडीत."

बोटं कशी सोडवायची ते मला येत होतं. महिन्याभरापूर्वीच सोडवली होती, एकेक करून. मी बॅग खाली ठेवली, म्हणजे हात मोकळा झाला. तिच्या करंगळीपर्यंत माझा हात गेलासुद्धा. आणि मी म्हटलं, "बाई नाही म्हणतायत."

"काय?"

"बाई नाही म्हणतायत ना. मग नाही. तुम्ही जा."

तो बिचारा अजून थोडा वेळ उभा राहिला. कुणाला तरी फोन लावला, बोलला, डोकं खाजवलं आणि गेला. आई गाडी वळेपर्यंत बघत होती. मग तिने कडी लावली, हलवून बघितली, आणि माझं मनगट न सोडता मला आत घेऊन आली.

आत फोन वाजत होता. दादाच असणार. वाजून वाजून थांबला, परत वाजायला लागला. उद्या तो ओरडेल, वहिनी समजूत घालतील, रात्री कडी वाजेल आणि सकाळी चादर धुवायची असेल. मला हे सगळं माहीत होतं. दमणूक तसूभरही कमी झाली नव्हती. उलट आता ती कधी संपणार हेही माहीत नव्हतं.

आईने मला टेबलापाशी बसवलं. इकडेतिकडे काहीतरी शोधलं. फोनजवळ सामान लिहायची पेन्सिल असते, ती तिला सापडली. मी सकाळीच टोक केलेली. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, पदराआड काहीतरी केलं, आणि कट असा बारीक आवाज आला.

मग वळली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"बरं झालं तू आहेस," ती म्हणाली. "हे काम अडलंय बघ."

मी पेन्सिल घेतली आणि टोक काढायला बसले.